ग्वाग्वा निघाली

बोलिव्हिया म्हणजे लेकीचं सासर, एवढंच ताईंना तोवर ठाऊक होतं. तो देश कुठे आहे, केवढा आहे, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. चिमी फोनवर दिसायची, जेवलीस का विचारलं की हो म्हणायची, आणि ती जणू पलीकडच्या गल्लीतच नांदतेय असं वाटायचं. पण तिला दिवस गेले, बाळंतपणाला ताईंनी जायचं ठरलं, आणि त्यांनी पहिल्यांदा नकाशा उघडून बघितला. चहूबाजूंनी दुसरे देश, समुद्राचा पत्ता नाही, आणि चिमीचं गाव ला पाझ डोंगरात इतकं उंच, की नव्या माणसाला तिथे चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. ही माहिती ताईंच्या नवऱ्याने मोठ्याने वाचून दाखवली. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामातला माणूस. उंचीचं त्याला काही वाटत नसे.

"लोक राहतातच की तिथे," तो म्हणाला.

"ते तिथे जन्मलेत. माझी पोर नाही जन्मली तिथे," ताई म्हणाल्या.

खरं तर ताई काही घाबरट नव्हत्या. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम त्या वर्षानुवर्षं करत होत्या. डोळ्यालाही दिसणार नाही असा स्क्रू चिमट्यात धरून पिळायचा, म्हणजे हात थरथरून चालत नाही. दुकानातले सगळे त्यांना ताईच म्हणत. पण चिमीचा विषय निघाला की या खंबीर बाईचं पाणी पाणी व्हायचं.

त्यातून जावई घरी टिकत नसे. तो रस्त्यांची मोजणी करणारा सर्वेअर. त्याचं काम डोंगराखालच्या जंगलात, आणि तिथे दिवसचे दिवस फोन लागत नसे. तो निदान इंग्रजी तरी बोलायचा. घरातलं दुसरं मोठं माणूस म्हणजे विहीणबाई. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, सडसडीत, आणि बोलायच्या ते फक्त स्पॅनिश. व्हिडिओ कॉलवर दोघी विहिणी एकमेकींकडे बघून इतकं हसत बसायच्या, की फोन ठेवल्यावर ताईंचे गाल दुखायचे. बाळंतपणात निव्वळ हसून कसं भागणार? म्हणून त्यांनी क्लास लावला.

क्लास टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. जिना चढतानाच रबराचा वास यायचा. शिकवणारे मास्तर सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी साखर कारखान्यातले फिटर म्हणून क्यूबाला गेले आणि तिथेच बरीच वर्षं राहिले. त्यांचं व्याकरण जरा ढिलं होतं, पण शब्द कसे तोंडातून सुपारी फोडावी तसे यायचे. बाकीची मुलं कॉल सेंटरच्या नोकरीसाठी आलेली. ती भराभर पुढे जायची, आणि ताई पहिल्या बाकावर बसून ओठ हलवत राहायच्या.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी भिंतीवर मोठा नकाशा लावला. "भाषा शिकायची तर आधी तिची घरं बघून घ्या. एक घर नाही तिचं. वीसेक आहेत," असं म्हणून त्यांनी काठी फिरवायला घेतली. मेक्सिको, ग्वातेमाला, खाली कोलंबिया, पेरू, लांब शेपटीसारखा चिले. आफ्रिकेतसुद्धा एक चिमुकला देश निघाला, तेव्हा मुलंही चकित झाली. ताई पॅराग्वे आणि उरुग्वेत हटकून घोटाळा करायच्या. "ज्याला समुद्र आहे तो उरुग्वे," मास्तर सांगायचे. "पॅराग्वे तुमच्या बोलिव्हियासारखाच, आत कोंडलेला." 'तुमच्या बोलिव्हिया' म्हटलं की ताईंना बरंही वाटायचं आणि धस्सही व्हायचं.

शब्दांनी मात्र त्यांना धीर दिला. तू म्हणजे तूच. मेज म्हणजे मेसा. बिजागरी ती बिसाग्रा. सपाता पायात घालतो त्याला ते सापातो म्हणत. आणि एके दिवशी मास्तर म्हणाले, "ताई, विहिणीला इंग्रजीत शब्द नाही. स्पॅनिशमध्ये आहे. कोन्सुएग्रा." ताईंना तर ते नातं पुन्हा नव्याने जुळल्यासारखं झालं. ज्या लोकांना विहिणीला वेगळा शब्द लागतो, ती माणसं आपल्यासारखीच असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. घरात त्यांनी वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवल्या. कपाटावर, आरशावर, फ्रीजवर. नवरा झोपलेला असताना त्याच्या शर्टावर 'मारिदो' चिकटवलं, आणि तो तसाच खाली दूध आणायला गेला.

सातवा सरून आठवा लागला तेव्हा डॉक्टरांनी चिमीला सांगितलं, की शेवटचे आठवडे थोड्या खालच्या गावात काढलेले बरे. विहीणबाईंचं घर कोचाबांबाला, डोंगरातच, पण ला पाझहून बरंच खाली. त्या स्वतः वर येऊन चिमीला बसने घेऊन जाणार होत्या. ताईंनी त्या रस्त्याचे व्हिडिओ शोधले आणि शोधल्याचा त्यांना पश्चात्ताप झाला. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला नुसतं आभाळ. नेमका त्याच आठवड्यात मास्तरांनी प्रवासाचा धडा घेतला. बसला ते ग्वाग्वा म्हणाले.

"मी रोज ग्वाग्वानेच कारखान्यात जायचो," मास्तर म्हणाले. "ग्वाग्वा किती वाजता निघते? ग्वाग्वा भरलेली आहे. म्हणा."

मुलं खुसखुसली. ताईंनी मात्र प्रत्येक वाक्य घोकून घोकून पाठ केलं. लेक त्याच ग्वाग्वात बसणार होती.

चिमी निघायची त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ताई दुकानात एका गृहस्थाच्या नाकावर फ्रेम बसते का बघत होत्या. काउंटरवर फोन गुरगुरला. चिमीला न्यायला ला पाझला आलेल्या विहीणबाईंचा आवाजातला निरोप होता. त्या कधी असा निरोप पाठवत नसत. तिकडे तर अजून उजाडत असणार. ताई "एक मिनिट हं" म्हणून काचा घासायच्या मागच्या खोलीत गेल्या आणि फोन कानाला लावला.

"कोन्सुएग्रा," विहीणबाई म्हणाल्या. आवाज बसलेला, शब्द घाईघाईत. "ला ग्वाग्वा से आदेलान्तो. सालियो आनोचे. एस चिकिता. ले फाल्ता आइरे. एस्तामोस एन एल ओस्पिताल. सु इखा एस्ता दोर्मिदा. नो से आसुस्ते."

ताईंनी तो निरोप पुन्हा ऐकला, आणि पुन्हा. काच फुटल्यावर तुकडे वेचावेत तसे एकेक शब्द वेचले. ग्वाग्वा. बस. सालियो, निघाली. आनोचे, काल रात्री. आइरे, हवा. ओस्पिताल कोणाला कळणार नाही? इखा म्हणजे मुलगी, आणि दोर्मिदा म्हणजे झोपलेली. त्यांनी मशीनच्या कडेला हात टेकला. बाहेरचे गृहस्थ चष्मा नाकावर ठेवून आरशात बघत थांबले होते. त्यांना तसंच सोडून ताई पर्स घेऊन बाहेर पडल्या.

चिमीचा फोन बंद. जावयाचा लागत नव्हता. विहीणबाईंचा वाजत राहिला, पण कोणी उचलला नाही. नवऱ्याला फोन केला तेव्हा ताईंच्या तोंडून फक्त "बस" आणि "हॉस्पिटल" एवढंच निघालं. तो म्हणाला, "कुठे आहेस? तिथेच थांब." पण त्या थांबल्या कुठल्या? त्या टायरच्या दुकानाचा जिना चढत होत्या.

मास्तर एकटेच होते, फळा पुसत होते. ताईंनी फोन त्यांच्यापुढे धरला. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. मग खुर्ची ओढून बसले.

"सांगा ना," ताई म्हणाल्या.

"विहीणबाई म्हणतात... बस ठरल्याच्या आधीच सुटली. किंवा पुढे काढली. दोन्ही अर्थ होतात. काल रात्री निघाली. छोटीशी आहे, म्हणजे मिनीबस असेल. हवा कमी पडली..."

"कसली हवा?"

"चाकातली म्हणावी तर..." मास्तर अडखळले. "आम्ही हॉस्पिटलात आहोत. तुमची मुलगी झोपली आहे. घाबरू नका."

"झोपली आहे म्हणजे काय, मास्तर?"

"झोपली म्हणजे झोपलीच."

"गेलेल्या माणसालाही तिकडे तसंच म्हणतात का?"

मास्तरांनी पटकन उत्तर दिलं नाही, आणि तेवढा वेळ ताईंना पुरला. त्या पहिल्या बाकावर, आपल्या नेहमीच्या जागेवर बसल्या. समोर नकाशा होता. बोलिव्हिया तपकिरी रंगात होता, आणि रस्ता म्हणून एक लाल केसासारखी रेघ.

नवरा धापा टाकत आला. जन्मात न गडबडणारा माणूस, पण त्याच्या हातातला पाना तसाच होता, तो खाली ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं. त्याने फोनवर अपघाताच्या बातम्या शोधायला सुरुवात केली. "अगं, ही जुनी आहे," तो म्हणाला. थोड्या वेळाने, "हीपण जुनीच. ही दुसऱ्याच देशातली." उलटलेल्या बसचे फोटो तो अंगठ्याने वर सारत होता, ताईंना दिसू नयेत म्हणून फोन तिरपा धरून. मास्तर कोचाबांबाच्या पोलीस ठाण्याचा नंबर शोधत होते. ताई मात्र मनातल्या मनात वाक्य जुळवत होत्या. माझी मुलगी कुठे आहे. माझी मुलगी जिवंत आहे का. दुसऱ्या वाक्यातला शब्द मास्तरांनी शिकवलाच नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल. त्या कुठल्याशा लांब, पांढऱ्या बोळात उभ्या होत्या. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. आत फोन नेऊ देत नाहीत असं काहीतरी त्या सांगू लागल्या, पण ताईंनी त्यांना बोलूच दिलं नाही.

"ग्वाग्वा," त्या म्हणाल्या. "दोन्दे? कामिनो? मोन्तान्या?" कुठे, रस्ता, डोंगर. हाताने त्यांनी कड्यावरून खाली पडल्याची खूण केली.

विहीणबाई बघतच राहिल्या. "कोणता रस्ता?" त्यांनी विचारलं, हे ताईंना कळलं. "ग्वाग्वा इन्कुबादोरात आहे."

इन्कुबादोरा. तो शब्द खोलीतल्या तिघांनाही कळला. नवऱ्याने मान वर केली. "बस कशी असेल काचेच्या पेटीत?" तो मराठीतच म्हणाला.

विहीणबाईंना त्याचे शब्द कळले नसतील, पण तीन चेहरे दिसत होते. आयुष्यभर वर्गातल्या न समजलेल्या चेहऱ्यांकडे बघितलेली बाई ती. तिने फोन खिडकीच्या कठड्याला टेकवून उभा केला, दोन्ही हात रिकामे केले, एकावर एक ठेवले आणि झुलवले. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग छातीशी धरले.

"अरे देवा," मास्तर हळूच म्हणाले. "तिकडे बाळाला ग्वाग्वा म्हणतात."

त्यांनी भराभर स्पॅनिशमध्ये विचारलं आणि विहीणबाईंनी मान डोलावली. आमच्याकडे बसला फ्लोता म्हणतात, असंही त्या म्हणाल्या. ग्वाग्वा म्हणजे तान्हं मूल. ते वेळेआधी आलं. काल रात्री बाहेर आलं. इवलंसं आहे. त्याला श्वास कमी पडतो. चिमीचं सिझेरियन झालं आणि ती औषधाने झोपली आहे.

ताईंनी तोंडावर पदर घेतला. हसू की रडू, कळेना. नवरा बाकावर बसला आणि तेव्हा कुठे त्याने पाना खाली ठेवला. मास्तर सारखे म्हणत होते, "मी चाळीस वर्षं बसच समजत होतो, ताई. चाळीस वर्षं."

पण ही सुटका फार टिकली नाही. श्वास कमी पडतो, हे वाक्य तसंच उरलं होतं. आता ते बसचं नव्हतं.

"नुएस्त्रा निएता," विहीणबाई म्हणाल्या. निएता हा शब्द ताईंनी कधी ऐकला नव्हता, पण कानाला तो नात असाच लागला. तरी त्यांनी आधी मास्तरांकडे बघितलं. सारख्या वाटणाऱ्या शब्दांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. मास्तरांनी मान हलवली. नातच.

मग विहीणबाई बोळातून चालत एका खोलीत शिरल्या आणि फोन चिमीच्या तोंडासमोर धरला. ती जागी झाली होती. चेहरा कागदासारखा.

"आई," ती म्हणाली. "ते मला बाळ दाखवत नाहीत."

"दाखवतील गं."

"सगळे इतकं भराभर बोलतात. मला येत होतं सगळं, आई, आता एक शब्द कळत नाहीये. सासूबाई बाहेर रडत होत्या, मी बघितलं. ती गेली ना? मला सांगत नाहीयेत ना?"

ती ठणठणीत आहे, हे वाक्य ताईंच्या जिभेवर आलं होतं. पण त्यांनी बाळ पाहिलं नव्हतं. त्यांना जे काही कळलं होतं ते स्पॅनिशमधून, आणि घटकाभरापूर्वी त्याच स्पॅनिशमधून त्यांनी आपली पोर दरीत पडलेली पाहिली होती.

"थांब," त्या म्हणाल्या. "सासूबाईंकडे फोन दे. तू ऐक फक्त."

विहीणबाई पुढे आल्या. ताईंनी एकेक शब्द सुटा ठेवला. "ग्वाग्वा. रेस्पिरा? सोला?" श्वास घेते? एकटी?

"सोला, तोदाविया नो," विहीणबाई म्हणाल्या. "पेरो मेखोर के आनोचे."

"एकटी अजून नाही, पण काल रात्रीपेक्षा बरी," मास्तर मागून म्हणाले.

"हे शब्द तिकडेही असेच ना?"

"मला वाटतं."

"वाटतं नको, मास्तर," ताई म्हणाल्या. त्यांनी फोनसमोर आपला तळहात आडवा धरला, खाली, कमरेपाशी. "आनोचे?" मग भुवया वर करून थांबल्या.

विहीणबाईंना कळलं. त्यांनीही हात आडवा धरला, अगदी गुडघ्याजवळ. काल रात्री इथे. मग तो सावकाश वर आणला, पोटाच्या वर, छातीच्या खाली. आता इथे. आणि मग डोक्याच्या उंचीवर नेला, बोट हलवलं. इथे नाही अजून.

ताईंनी तो हात नीट बघून घेतला. मग चिमीला म्हणाल्या, "ऐकलंस? ती आहे. आपली आपण श्वास घेत नाही अजून, मशीन मदत करतंय. काल रात्री फार वाईट होतं, आता थोडं बरं आहे. यापुढचं मला माहीत नाही."

चिमीने उशीवरून मान वर केली. "खरं सांगतेस?"

"खोटं सांगण्याइतकं स्पॅनिश मला कुठे येतं?"

चिमीचा चेहरा वाकडा झाला. टाके दुखले म्हणून की हसू आलं म्हणून, ते फोनवर कळलं नाही. "दुखतंय आई, हसवू नकोस," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. विहीणबाईंनी फोन पलंगावर ठेवला. त्यानंतर ताईंना फक्त छत दिसत होतं आणि दोन्ही बायकांचे आवाज ऐकू येत होते, एक रडण्याचा आणि एक समजावण्याचा. त्यांनी फोन बंद केला नाही. थोड्या वेळाने कोणा नर्सने काचेतून काढलेला फोटो विहीणबाईंनी आणला आणि आधी चिमीला दाखवला. ताईंना तो नंतर मिळाला. नळ्यांमध्ये एक मूठ होती. सुरकुतलेली, घट्ट.

पुढचे दिवस कसे गेले हे ताईंना धड आठवत नाही. जावई जंगलातून पोहोचला. तिकीट अलीकडचं करून घेतलं. मास्तर पैसे न घेता रोज शिकवायला घरी येऊ लागले, आणि प्रत्येक शब्दाआधी "क्यूबात तरी" असं म्हणू लागले. दुकानात ताईंनी एका फ्रेममध्ये काचा उलटसुलट बसवल्या, डावीची उजवीकडे. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. रोज दुपारी विहीणबाईंचा कॉल यायचा. त्या आधी काही बोलायच्याच नाहीत. हात आडवा धरायच्या. एक दिवस तो खांद्यापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोटावर आला, आणि ताईंनी त्या दिवशी घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या उपटून काढल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नवऱ्याने त्या केरातून उचलून ठेवल्या. मग हात हळूहळू वर सरकू लागला. हनुवटी. नाक. ज्या दिवशी विहीणबाईंनी तो डोक्यावर नेला, त्या दिवशी त्यांच्या दुसऱ्या हातातला फोनही वर गेला आणि पडद्यावर नुसतं छत दिसू लागलं.

ताई पोहोचल्या तेव्हा चिमी बाळाला घेऊन ला पाझच्या घरी आलेली होती. विमानतळावरून जावयाने आणलं. गाडीतच त्यांचं डोकं ठणकायला लागलं, आणि घराच्या पायऱ्या त्यांना मधेमधे बसत चढाव्या लागल्या. विहीणबाईंनी दार उघडलं. दोघींनी विमानात आणि घरात बसून वाक्यं तयार करून ठेवली असणार, पण कोणालाच त्यातलं एकही आठवलं नाही. विहीणबाईंनी ताईंची बॅग घेतली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. चिमी आतून आली आणि तिने त्यांच्या मांडीवर बाळ ठेवलं.

ते इतकं हलकं होतं की ताईंना भीतीच वाटली. झोपलेलं. पण इतकं स्तब्ध. छाती हलतेय का, ते कपड्यातून दिसेना. इतक्या उंचावर, इतक्या विरळ हवेत, एवढासा जीव. त्यांनी विहीणबाईंकडे बघितलं.

"रेस्पिरा?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

विहीणबाई खाली वाकल्या. त्यांनी ताईंचं बोट धरलं आणि बाळाच्या नाकापाशी नेऊन तिथेच धरून ठेवलं. ताई वाट बघत राहिल्या. मग बोटाला काहीतरी लागलं, कोमट, फुंकर म्हणावी इतकंही नाही. थांबलं. पुन्हा लागलं.

"सि," विहीणबाई म्हणाल्या.

ताईंनी बोट काही लवकर काढलं नाही.